विजयदुर्गचे ओटे आणि एक हिरवी रेघ

विजयदुर्ग पाहायला आलेल्या माणसाला किल्ल्यावर तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली समुद्राच्या पोटात बांधलेल्या भिंतीची, जिच्यावर शत्रूची गलबतं आपटून फुटत. दुसरी आंग्र्यांच्या आरमाराची. आणि तिसरी 'साहेबाच्या ओट्यां'ची. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकयर नावाच्या इंग्रज साहेबाने याच ओट्यांवर दुर्बीण मांडली, खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला, असं सांगतात. दर १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो.

गोष्ट झकास आहे. तिच्यातला साहेब खरा, ओटे खरे, ग्रहण खरं, हेलियमही खरा. फक्त त्या दिवशी साहेब तिथे नव्हता.

तो होता लंडनमध्ये, आणि तोही खगोलशास्त्रज्ञ म्हणून नव्हे. लॉकयर १८५७ पासून ब्रिटिश सरकारच्या युद्ध खात्यात कारकून होता. दिवसा फायली आणि रात्री आकाश, असा त्याचा क्रम. घरी सव्वासहा इंच व्यासाच्या भिंगाची दुर्बीण होती, यॉर्कच्या थॉमस कुक या नामांकित कारागिराने घडवलेली. कुठल्याही वेधशाळेच्या हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. आजच्या भाषेत हा माणूस अस्सल हौशी आकाशनिरीक्षक. हौस तरी किती असावी? 'नेचर' हे साप्ताहिक त्याने १८६९ मध्ये सुरू केलं आणि म्हातारपणाकडे झुकताना गोल्फच्या नियमांवरही एक पुस्तक लिहिलं.

त्या काळातलं मोठं कोडं होतं सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या तांबूस ज्वाळांचं. खग्रास ग्रहणात चंद्राची काळी तबकडी सूर्याला पुरती झाकते तेव्हा त्या दोन-चार मिनिटं दिसतात, एरवी सूर्यप्रकाशात बुडून जातात. त्या कशाच्या बनल्या आहेत, हे ठरवायला हत्यार मिळालं होतं ते वर्णपटाचं. प्रकाश लोलकातून पसरवला की त्यात रेघा दिसतात आणि कोणती रेघ कोणत्या मूलद्रव्याची हे ओळखता येतं, असं जर्मनीत किर्खोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं होतं. लॉकयरने १८६६ मध्येच एक साधी, पण अचाट कल्पना मांडली: या ज्वाळा पाहायला ग्रहणाची वाट बघायलाच नको. ताकात पाणी घालत गेलं तर ताक पातळ होत जातं, पण फोडणीतली मोहरी काही पातळ होत नाही. तसाच आकाशाचा उजेड लोलकांमधून जितका पसरवावा तितका फिका पडतो. ज्वाळांचा प्रकाश मात्र मोजक्या रेघांतच एकवटलेला असतो. त्या रेघा फिक्या न पडता उठून दिसतील.

कल्पना तयार होती, पण यंत्र तयार नव्हतं. कारागिरांच्या दिरंगाईत दोन वर्षं गेली आणि तेवढ्यात १८ ऑगस्ट १८६८ उजाडला.

त्या दिवशीच्या ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेला. गुंटूरला फ्रान्सचा पिएर जान्सेन बसला होता आणि तिथेच मेजर टेनंटची तुकडी होती. मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन होता. त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला गेले होते. आणि जमखिंडीत, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू रॉयल सोसायटीने दिलेली उपकरणं घेऊन ढगांशी झुंजत होता. पावसाळ्याच्या ऐन मध्यावर ग्रहण, दुसरं काय होणार! तरी फटीतून त्याला ज्वाळांच्या प्रकाशात तीन रेघा दिसल्या: तांबडी, नारिंगी आणि निळी.

यातली मधली रेघ हीच खरी गंमत. सोडियमच्या पिवळ्या दिव्यात 'डी' नावाच्या दोन जुळ्या रेघा दिसतात. ही नारिंगी-पिवळी रेघ जवळजवळ तिथेच होती. हर्शेलने ती सोडियमची धरली. गुंटूरलाही तसंच झालं. घाईच्या त्या मिनिटांत, अंधारात चाचपडत, इतका बारीक फरक कोणाच्या लक्षात येणार? तेव्हा हेलियमची रेघ मराठी राज्यकर्त्यांच्या भूमीवरून दिसली, हे म्हणणं खोटं नाही. पण ती जमखिंडीत दिसली, विजयदुर्गाला नव्हे, आणि दिसूनही ओळखली गेली नाही.

जान्सेन हुशार निघाला. ज्वाळांच्या रेघा इतक्या झगझगीत होत्या की ग्रहणाशिवायही त्या दिसतील, असं त्याला ग्रहण चालू असतानाच वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ उन्हात त्याने त्या पाहिल्यादेखील. इकडे लंडनमध्ये लॉकयरच्या हाती अखेर ऑक्टोबरच्या मध्यावर वर्णपटदर्शक आला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने तो घरच्या दुर्बिणीला जोडला, सूर्याच्या कडेवर रोखला आणि ग्रहण नसताना ज्वाळेच्या रेघा पाहिल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत वाचली गेली. फ्रेंच सरकारने नंतर दोघांच्या मुखाकृती असलेलं पदक पाडलं. अशा बाबतीत एरवी इंग्रज-फ्रेंचांची जुंपायची, इथे मात्र दोघांची मैत्री जमली.

घरी बसल्याचा फायदा असा की लॉकयरला घाई नव्हती. उद्या पुन्हा पाहता येत होतं, परवाही. मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं की ती पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर नाहीच, थोडी बाजूला आहे. सोडियमच्या रेघा ५८९ आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या आसपास, ही ५८७.६ वर. तिला 'डी-३' म्हणू लागले. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंडच्या मदतीने हायड्रोजनला नाना प्रकारे तापवून, दाबून पाहिलं, पण ती रेघ काही उमटेना. मग ही पृथ्वीवर न सापडलेल्या कुठल्या तरी मूलद्रव्याची असावी. सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हे नाव पडलं आणि १८७१ मध्ये विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, ते जाहीर व्याख्यानात उच्चारलं. तरी पंचवीस वर्षं बहुतेक रसायनशास्त्रज्ञ नाक मुरडत राहिले. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीने क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूचा वर्णपट पाहिला आणि त्यात तीच पिवळी रेघ निघाली. तेव्हा कुठे सूर्यातला पाहुणा पृथ्वीवर सापडला.

म्हणजे या शोधाचा सगळा कसच असा की त्याला ग्रहण लागलं नाही. विजयदुर्गच्या गोष्टीत नेमका तोच हरवतो.

मग लॉकयर विजयदुर्गाला आलाच नाही का? आला, पण तीस वर्षांनी. भारतातला त्याचा पहिला किल्लाही हा नव्हे. १२ डिसेंबर १८७१ च्या खग्रास ग्रहणासाठी तो मलबार किनाऱ्यावरच्या बेकलच्या किल्ल्यात उतरला होता. विजयदुर्गाची पाळी आली २२ जानेवारी १८९८ रोजी. तोवर कारकून राहिला नव्हता, सर नॉर्मन झाला होता. हेलियमवाला साहेब आला, ग्रहण झालं, ओटे उरले. साठ-सत्तर वर्षं लोकांच्या तोंडी फिरता फिरता १८६८ आणि १८९८ यांतला तीसचा आकडा गळून पडला असावा. कोणी मुद्दाम खोटं सांगितलं, असं मानायचं कारण नाही. एकाच किनाऱ्यावरून तीस वर्षांच्या अंतराने दोन खग्रास ग्रहणं गेली तर आठवणी एकमेकींत मिसळणारच.

वाईट एवढंच वाटतं की या गोष्टीमुळे १८९८ चं ग्रहण झाकोळलं. ते आकाशात झालं त्याहून जास्त आजच्या महाराष्ट्राच्या नकाशावर झालं होतं.

त्या दिवशी शनिवार होता, पौष अमावास्या. खग्रास पट्टा विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागून ईशान्येकडे गेला: करमाळ्याजवळचं जेऊर, वऱ्हाडातलं तळणी, शेजारचं पुलगाव, नागपूरच्या बाजूचं घोगली, पुढे शहडोल आणि गंगेकाठचं बक्सर. या प्रत्येक ठिकाणी तंबू पडले होते. पुलगावला केंब्रिजचा न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स, घोगलीला स्कॉटलंडचा राजज्योतिषी राल्फ कोपलंड, शहडोलला खुद्द इंग्लंडचा राजज्योतिषी क्रिस्टी. या यादीतली बरीच गावं रेल्वेच्या रुळांवरची आहेत, हा योगायोग नव्हे. मणामणाच्या पेट्या, भिंगं आणि आरसे बैलगाडीतून कोण नेणार? जिथे सावली आणि लोखंडी रूळ एकमेकांना छेदत तिथे विज्ञान उतरलं.

मुलुखाची अवस्था मात्र भयंकर होती. दुष्काळ नुकताच सरला होता, मुंबई-पुण्यात प्लेग माणसं गिळत होता. रँडच्या खुनाला सात महिने झाले होते. राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झालेले टिळक तुरुंगात होते. नक्षत्रांवरून वेदकाळ ठरवणारा 'ओरायन' लिहिलेला माणूस, आणि ग्रहण डोक्यावर आलं तेव्हा कोठडीत. मुंबईच्या बंदरात उतरणाऱ्या परदेशी ज्योतिष्यांना या सगळ्याची झळ लागली नसेल असं नाही, पण त्यांचं लक्ष त्या दोन मिनिटांकडे होतं. कारणही होतं. १८९६ चं ग्रहण पाहायला लॉकयर आणि इतर अनेक जण पार नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेले होते आणि तिथे ढगांनी सगळं बुडवलं होतं. जानेवारीतला दख्खन म्हणजे खात्रीचं निळं आकाश. ती खात्री खरी ठरली.

विजयदुर्गात लॉकयरच्या दिमतीला 'मेल्पोमीन' ही युद्धनौका होती. उपकरणं जास्त आणि शास्त्रज्ञ थोडे, म्हणून खलाशांनाच ग्रहणाचं शिक्षण दिलं गेलं. कोणी झडप उघडायची, कोणी काच बदलायची, कोणी सेकंद मोठ्याने मोजायचे, याची कवायत झाली. तोफ चालवायला शिकलेले हात वर्णपटाच्या काचा सरकवू लागले. आंग्र्यांच्या किल्ल्यात इंग्रज आरमाराची माणसं सूर्यावर नेम धरून बसलीत, हे दृश्य इतिहासाच्या विनोदबुद्धीला शोभणारं होतं.

जेऊरला दोन छावण्या महत्त्वाच्या. एक कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेच्या विल्यम वॉलेस कॅम्बेलची, चाळीस फूट लांबीच्या कॅमेऱ्यासह. मोहिमेत त्याची पत्नी एलिझाबेथही होती. दुसरी पुण्याची.

पुण्याची म्हणजे कावसजी दादाभाई नायगमवाला यांची. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या या पारशी अध्यापकाला वेधशाळा उभारायचं वेड होतं. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात, १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची आरशाची दुर्बीण पुढे कित्येक वर्षं देशातली सर्वांत मोठी होती. नायगमवाला इंग्लंडला जाऊन लॉकयरच्याच प्रयोगशाळेत शिकून आले होते. पण मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या प्रमुख रेघेबद्दल लॉकयर जे म्हणत होता ते त्यांच्या पुण्याच्या निरीक्षणात बसेना, आणि १८९१ मध्ये त्यांनी ते छापून मोकळेपणाने सांगितलं. गुरूचं चुकलं होतं, शिष्याचं बरोबर होतं. १८९८ मध्ये एकाच सावलीखाली गुरू विजयदुर्गाला आणि शिष्य जेऊरला उभे होते. जेऊरच्या निरीक्षणांचा नायगमवाला यांचा अहवाल हा वेधशाळेच्या प्रकाशनांचा पहिला खंड ठरला.

पण या ग्रहणाची जीव लावणारी छावणी तळणीची. तिथे सरकारी पथक नव्हतं. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही १८९० मध्ये स्थापन झालेली हौशी लोकांची संस्था. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी स्त्रियांना सदस्यत्व देत नव्हती, ही देत होती. तिच्या सदस्यांची एक तुकडी बक्सरला गेली, दुसरी तळणीला. तळणीच्या तुकडीत एडवर्ड वॉल्टर माँडर होता, ग्रीनिचचा सूर्यडाग मोजणारा, आणि त्याची पत्नी ॲनी.

ॲनीने केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकून ग्रीनिचला नोकरी धरली होती. पगार महिना चार पौंड. १८९५ मध्ये लग्न झालं आणि विवाहित स्त्रीने सरकारी नोकरीत राहायचं नाही या नियमाने ती सुटली. वेधशाळेने काढून टाकलेली ही गणिती तळणीला आली ती हौशी म्हणून. गर्टनच्या अनुदानातून घेतलेला, जेमतेम दीड इंची भिंगाचा कॅमेरा तिच्याजवळ होता. कॅम्बेलच्या चाळीस फुटी धुडापुढे खेळणंच. पण सूर्याच्या प्रभामंडलाचे, म्हणजे करोनाचे, दूरवर गेलेले फिके झोत टिपायला लहान भिंग आणि रुंद दृश्य हेच सोयीचं, हा तिचा हिशेब होता. तिच्या काचेवर जो झोत उमटला तो सूर्यापासून जवळजवळ एक कोटी किलोमीटरपर्यंत गेलेला होता. त्याआधी इतका लांब झोत कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता.

तळणीलाच जॉन एव्हरशेड होता. पोटासाठी लंडनच्या एका कंपनीत तेलं-रसायनं तपासायची आणि फावल्या वेळात सूर्याचा वर्णपट घ्यायचा, असा हा गडी. तळणीच्या काचेवर त्याला जंबुपार भागात, हायड्रोजनच्या रेघांची माळ जिथे संपते त्याच्याही पलीकडे, सलग प्रकाशाचा पट्टा मिळाला. हायड्रोजनचा अणू इलेक्ट्रॉनला पुन्हा पकडतो तेव्हा असा प्रकाश सुटतो, हा उलगडा पुढच्या पिढीने केला. एव्हरशेड १९०७ मध्ये कोडाईकनालच्या वेधशाळेत रुजू झाला, पुढे तिचा संचालक झाला आणि सूर्यडागांतून बाहेर वाहणाऱ्या वायूचा 'एव्हरशेड परिणाम' १९०९ मध्ये त्याने तिथेच शोधला. वऱ्हाडात सुट्टी काढून आलेला हौशी माणूस दहा-अकरा वर्षांत सूर्यशास्त्रातलं मोठं नाव झाला.

तळणीच्या, जेऊरच्या लोकांनी हे सगळं कसं पाहिलं असेल? घराघरांत वेध पाळलेले, पाण्यावर तुळशीपत्र ठेवलेलं, गरोदर बायकांना आत बसवलेलं, आणि 'दे दान, सुटे गिराण'ची आरोळी. त्याच सुमारास मराठीत आकाशाचं गणित मांडणारी माणसंही होती, तीही बहुतेक शाळामास्तर. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासावरचा ग्रंथ दोनच वर्षांपूर्वी, १८९६ मध्ये निघाला होता. मुरूडहून आलेल्या, मास्तरकी करता करता संस्कृत ग्रंथांचा डोंगर उपसलेल्या या माणसाला ग्रहणानंतर तीनच महिन्यांनी, २० एप्रिल १८९८ रोजी, मृत्यूने गाठलं. व्यंकटेश बापूजी केतकर हेही शिक्षण खात्यातले. जुनी पंचांगं आकाशाशी जुळत नाहीत म्हणून त्यांनी नव्या गणिताचे ग्रंथ रचले आणि १९११ मध्ये नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं भाकीत एका फ्रेंच नियतकालिकात छापलं. या दोघांच्या हाती मोठी दुर्बीण नव्हती. त्यांचं आकाश कागदावर होतं.

आता शीर्षकातल्या त्या हिरव्या रेघेकडे. १८६९ मध्ये अमेरिकेत दिसलेल्या खग्रास ग्रहणात यंग आणि हार्कनेस यांना करोनाच्या प्रकाशात एक हिरवी रेघ सापडली. किर्खोफच्या मोजपट्टीवर तिचा आकडा १४७४ ठरला. त्याच जागी लोखंडाची एक रेघ होती, पण लोखंडाच्या बाकीच्या रेघांचा पत्ता नव्हता. मग ज्याने त्याने हेलियमचाच धडा गिरवला: हेही नवं मूलद्रव्य, नाव 'कोरोनियम'. मेंदेलेयेवनेसुद्धा त्याला आपल्या कोष्टकात बसवायचा विचार केला.

तीस वर्षं सगळे चुकीच्या जागेवर बोट ठेवून होते. १८९८ च्या भारतीय काचांनी ते उघड केलं. जेऊरला कॅम्बेलला मुळात करोना सूर्याबरोबर फिरते का, हे रेघेच्या सरकण्यावरून मोजायचं होतं. ते काही नीट साधलं नाही, पण त्या खटाटोपात रेघेची खरी जागा हाती लागली: ५३१७ अँगस्ट्रॉम नव्हे, ५३०३. चौदा एककांची चूक. विजयदुर्गच्या वर्णपटांनीही तेच सांगितलं. कॅम्बेलचा त्यावरचा लेख १८९९ मध्ये आला.

हा आकडा नसता तर पुढचं सुटलं नसतं. १९३९ ते १९४३ या काळात जर्मनीचा ग्रोट्रियान आणि स्वीडनचा एडलेन यांनी अचूक मापांवरून दाखवून दिलं की ही रेघ कोरोनियमची नाही, लोखंडाचीच आहे. फक्त या लोखंडाच्या अणूचे तेरा इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात. म्हणजे आधी लोखंड समजले ते चुकून, मग लोखंड नाही म्हणाले ते बरोबर मापावरून, आणि शेवटी निघालं लोखंडच. इतके इलेक्ट्रॉन उडवायला तापमान दहा लाख अंशांवर लागतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि त्याच्याभोवतीची हवा दहा-वीस लाखांची. चुलीपेक्षा चुलीवरची वाफ कितीतरी पटींनी तापलेली असावी, तसं हे. ते का, याचं पुरतं उत्तर अजून शोधलं जातंय.

इकडे पुण्याची वेधशाळा नायगमवाला निवृत्त झाले त्याबरोबर १९१२ मध्ये बंद पडली. वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली, पुढे लेहला नेली गेली. एका माणसाच्या वेडावर उभी असलेली संस्था त्या माणसाबरोबर संपते, याचं हे एक उदाहरण. पुण्यात पुन्हा आकाशाकडे पाहणारी माणसं एकत्र आली ती २२ ऑगस्ट १९४४ रोजी, ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या रूपाने, आणि या वेळी ना महाराजा होता ना सरकार. हौशींची ही संस्था आजही टिळक स्मारक मंदिरातून काम करते. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला त्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभं राहिलं आणि अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी वांगणीला जाणाऱ्या लोकलमध्ये दुर्बिणी दिसू लागल्या.

हौशींच्या हातून मोठं काम होण्याचे दिवस लॉकयरबरोबर सरले, असं वाटत असेल तर तसं नाही. २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात सारख्याच अडुसष्ट दुर्बिणी पट्टाभर मांडून, विद्यार्थी आणि हौशी स्वयंसेवकांनी, एकेका ठिकाणची दोन-दोन मिनिटं जोडत करोनाचा सलग दीड तासाचा पट गोळा केला. विजयदुर्ग ते बक्सर ही साखळीच, फक्त कड्या जास्त. 'सोहो' या सौर उपग्रहाच्या चित्रांतून मार्च २०२४ पर्यंत पाच हजार धूमकेतू सापडले, तेही बहुतेक घरी बसून पडद्याकडे पाहणाऱ्या स्वयंसेवकांना.

हेलियमही स्वस्थ बसलेला नाही. २०१८ मध्ये, शोधाला बरोबर दीडशे वर्षं होताना, हबल दुर्बिणीने वास्प-१०७बी या परग्रहाभोवती निसटून जाणारा हेलियम पकडला. परग्रहाच्या वातावरणात तो पहिल्यांदाच दिसत होता, आणि तो दिसला त्याच्या अवरक्त रेघेवरून. पुढच्या वर्षी विमानातून उडणाऱ्या 'सोफिया' वेधशाळेला एका तेजोमेघात हेलियम हायड्राइड सापडला. विश्वात तयार झालेला पहिला रेणू हाच, असं मानलं जातं. प्रयोगशाळेत तो १९२५ पासून माहीत होता, आकाशात मिळायला २०१९ उजाडलं.

२ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेलं आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या ठिकाणी पोहोचलं. त्यावरची 'सूट' ही जंबुपार दुर्बीण पुण्याच्या आयुकाची आहे. करोना पाहणारं 'व्हेल्क' हे उपकरण बंगळुरूच्या भारतीय तारा भौतिकी संस्थेचं, आणि कोडाईकनालची वेधशाळा, म्हणजे एव्हरशेडची आणि नायगमवालांच्या दुर्बिणीची वेधशाळा, याच संस्थेकडे आहे. व्हेल्क सूर्याची तबकडी आतल्या आत झाकतं आणि मोजक्या रेघांवर नजर ठेवतं. त्यातली एक ५३०३ अँगस्ट्रॉमची.

५ डिसेंबर २०२४ रोजी इस्रोच्याच पीएसएलव्ही अग्निबाणाने युरोपची प्रोबा-३ ही जोडगोळी वर नेली. यातला एक उपग्रह दुसऱ्यापासून दीडशे मीटरवर उभा राहून त्याच्यापुरता चंद्र होतो, आणि एका फेरीत सहा-सहा तास ग्रहण लागतं. तिच्या कॅमेऱ्यात रंगीत गाळण्यांचं एक चाक आहे. त्यात करोनाच्या हिरव्या रेघेसाठी एक गाळणी आहे, आणि दुसरी ५८७.६ नॅनोमीटरवरच्या, जमखिंडीत सोडियमची समजल्या गेलेल्या त्या पिवळ्या रेघेसाठी.